चिंचोक्यांचा डबा

मंडळी, तुम्ही आलात, बरं केलंत. झोडणीचे दिवस आहेत, खळ्यावर भात उघडं टाकून आलात. शहापूरकडच्या वाड्यांतल्या बाया दोन एसट्या बदलून आल्यात. बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे. माझा आवाज पोचतोय ना? हा माईक मी हातात धरतो. आपला आपण उभा राहील म्हणतात, पण पडला तर पंचाईत.

मला बोलायला जमत नाही. माझी शाळा चौथीत सुटली आणि चार माणसांत उभं राहायची सवय नाही. माझ्या आधी सरपंच बोलले, गुरुजी बोलले. चांगलं बोलले. त्यांच्यामागून मी काय बोलणार? सुनेने एका कागदावर चार गोष्टी लिहून दिल्यात. तो कागद खिशात आहे का हे सकाळपासून सारखं बघतोय. कागद आहे. चष्मा घरी राहिला.

पण बोलावं लागणार. एक गोष्ट मला यमुनाताई गेल्यावर, तिच्या मागे सांगायची होती. तिनेच तसं ठरवून दिलं होतं. ती सांगितल्याशिवाय मला उद्या बालवाडीच्या या खोलीचं दार उघडता येणार नाही. म्हणून उभा आहे.

त्याआधी एक. पोरं विहिरीकडे गेलीत का बघा कोणीतरी. कठडा एका बाजूने खचलाय. बघितलं? नाहीत ना? बरं.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. माझं नाव महादू. पण गावात मला घोरबाबा म्हणतात. मध्ये एक नवी शिक्षिका आली होती, तिला वाटलं मी घोरतो म्हणून. बिचारी आठ दिवस मला दुपारी आडवं होऊ देईना, पोरं उठतील म्हणे. तसं नाही. मला घोर लागतो म्हणून घोरबाबा. लहानपणापासून लागतो. बैल वेळेवर परतला नाही, घोर. मुलगा आसनगावला कामाला जातो, त्याला यायला उशीर झाला, घोर. बायको होती तोवर ती ऐकून घ्यायची. ती गेली आणि सगळा घोर सुनेच्या वाट्याला आला. लता, माझी सून, ही इथे बसलीय. तिला मी दिवसातून दहा वेळा विचारायचो, गॅस बंद केलास का. ती म्हणायची, केला. मी जाऊन बघायचो. मग विचारायचो, मी बघायला गेलो तेव्हा माझ्याच हातून चालू तर नाही झाला?

हसा, हसा. यमुनाताईपण हसायची.

एकदा बायांची बैठक होती तिच्या पडवीत. लताला यायला उशीर झाला म्हणून मी बघायला गेलो. कुडाच्या बाहेर उभा होतो. आत लताच बोलत होती.

"ताई, सासऱ्यानं जीव खाल्लाय माझा. काम नाय, धंदा नाय, नुसता घोर."

यमुनाताई म्हणाली, "मग मला दे गो तो म्हातारा."

बाया हसल्या. लता म्हणाली, "घेऊन जा. वर पायलीभर तांदूळ पण देते."

"थट्टा नाय करत. पोरांवर लक्ष ठेवाया मला माणूस हवाय. शिकलेला नको, शूर नको. घोर करणारा हवा."

मग तिने कुडातून मला बघितलं. बाहेर आली. म्हणाली, "दादा, ऐकलंत ना? तुमचा घोर एका घराला पुरून उरतोय. गावाला वाटून टाका. उद्या आठ वाजता या."

मी म्हणालो, "अन् माझ्या हातून काय चुकलं तर?"

ती म्हणाली, "बघा. म्हणून तर तुमीच पायजे."

तेव्हा माझी साठी उलटून गेली होती. तोवर मला कोणी म्हटलं नव्हतं की तू पाहिजेस. सगळे म्हणायचे, बाबा, तुम्ही बसा.

आता ती स्वतः काय होती ते सांगतो. आजच्या पोरींना वाटतं ती जन्मापासून ताई होती. तसं नाही. ती या गावात सून म्हणून आली. सातवी झालेली. चार वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घराशेजारी एक खोली आणि ओहोळाच्या कडेला एक तुकडा, एवढंच तिचं. लावणीला सगळ्या बायांबरोबर उतरायची. तुम्हाला ठाऊक आहे लावणी कशी चालते. बांधावर इरल्याखाली पोर ठेवायचं, आणि चिखलात उभं राहून अर्धं लक्ष रोपांत, अर्धं बांधावर. यमुनाताईची पात सगळ्यांच्या पुढे असायची. बाया म्हणायच्या, हिच्या हाताला काय चाक लावलंय का.

एका वर्षी ती चिखलात सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी भरभर लावते ती हुशार म्हणून नाय गो. माझे दोन्ही हात मोकळे हायत. तुमचे पण मोकळे करू." आणि बांधावरची सगळी पोरं गोळा करून आपल्या पडवीत घेऊन गेली. तिच्या तुकड्यात त्या वर्षी बाकीच्या बायांनी लावणी केली. तुम्ही माझं शेत बघा, मी तुमची पोरं बघते. एवढंच बोलणं झालं. कागद नाही, पेन नाही.

पुढे पडवी अपुरी पडली. वरच्या वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, जाताना पोरंही न्यायची, आणि पोरांची शाळा सुटायची. ताईला ती पोरं गावात ठेवून घ्यायची होती. दिवसा तिच्याकडे, रात्री आजीकडे. त्याला जागा हवी. ही खोली, जिच्यासमोर आपण बसलोय, ती पंचायतीची खताची जुनी खोली होती. रिकामी पडलेली. ताई म्हणाली, ग्रामसभेत मागू. बाया म्हणाल्या, आमी काय बोलणार? ती म्हणाली, बोलू नका. हात वर करा.

ग्रामसभेच्या दिवशी सगळी पोरं मी पडवीत घेऊन बसलो आणि सगळ्या बाया सभेला गेल्या. तेव्हाचे सरपंच म्हणाले, खोली द्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. ग्रामसेवक मोजायला लागले. मोजता मोजता थांबले. पुन्हा मोजलं. सभेत माणसं होती त्यापेक्षा हात जास्त भरले. बघतात तर काय, बायांनी दोन्ही हात वर केलेले.

ग्रामसेवक चिडले. एका माणसाने एकच हात वर करायचा असतो, म्हणाले. तेव्हा वरच्या वाडीची हिरा उठली. हिरा, तुला आठवतंय. मी नव्हतो तिथे, पण गावाने मला इतक्यांदा सांगितलंय की मी होतोच असं वाटतं. हिरा म्हणाली, "साहेब, रोज एक हात पोराला असतो. आज दोन्ही मोकळे हायत, म्हणून दोन्ही वर केले. त्यात काय चुकलं?"

एकेक हात मोजला तरी खोली मिळाली. आणि बायांना एक कळलं, की सभेत आपला हात मोजतात. नंतर नळाचं झालं, वाडीच्या वाटेचं झालं, धसईच्या बाजारात भाजीला स्वतः बसायचं झालं. ते गुरुजींनी सांगितलंय, मी पुन्हा सांगत नाही. मला माझं सांगायचंय.

चहाखालचा विस्तव कोणी बघतंय ना? मंडपाचं कापड खाली आलंय तिकडे. बरं.

माझं काम मोजण्याचं. सकाळी पोरं किती आली, संध्याकाळी किती गेली. ताईने वही दिली होती. मला लिहिता येतं, सावकाश येतं. पण माझा आकड्यावर विश्वास बसेना. तेरा लिहिले की वाटायचं चौदा होते. तीनदा मोजायचो, तिन्ही वेळा वेगळे. पोरं काय एका जागी बसतात? मी घामाघूम व्हायचो. ताईने ते चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी दूध पावडरीचा एक पत्र्याचा डबा आणला, हा बघा, हाच तो, आणि एक टोपली चिंचोके.

रीत अशी. पोर आलं की त्याने आपल्या हाताने टोपलीतला एक चिंचोका उचलायचा आणि डब्यात टाकायचा. संध्याकाळी घरचं माणूस न्यायला आलं की आपल्या हाताने डब्यातला एक काढायचा आणि टोपलीत टाकायचा. दुसऱ्याचा चिंचोका काढायचा नाही. डबा रिकामा झाला की कुलूप. शेवटी ताई डबा कानाशी धरून हलवायची. म्हणायची, "वाजत नाय. सगळी घरी पोचली."

ते ऐकलं की माझा त्या दिवसाचा घोर संपायचा. घरी जाऊन मी गॅसचं विचारत नव्हतो. लताला विचारा.

पहिल्या आठवड्यात अर्धे चिंचोके पोरांनी घरी नेले आणि आयांनी भाजून दिले. खाल्ले. ताई कोणावर रागावली नाही. नवे आणले आणि दगडावर घासून प्रत्येकाची एक बाजू सपाट, पांढरी केली. गावात सांगून टाकलं, घासलेला चिंचोका चुलीत टाकायचा नाय. तेव्हापासून टोपली पुरी राहिली.

आता जे सांगायचंय ते सांगतो. पाणी देता का जरा. नको, राहू द्या, नंतर पितो.

मला चिंचोके चघळायची सवय होती. भाजलेले, सोललेले. दात गेलेत, सुपारी चालत नाही, म्हणून खिशात चिंचोके. काळजी वाटली की हात आपोआप खिशात जायचा.

लावणीचे दिवस होते. दहा वर्षं झाली, थोडी जास्तच. ताई वरच्या वाडीत गेली होती, एका बाळंतिणीकडे. संध्याकाळी मी एकटा होतो. पोरं एकेक करून गेली. डब्यात एक चिंचोका राहिला. मी डबा हातात घेऊन ओट्यावर उभा. ओहोळाचं पाणी चढत होतं आणि पलीकडची पोरं आत्ताच गेली होती. मला दिसत होतं, ती पार झालीत. तरी मी बघत होतो. पोचली असतील का? धाकट्याचा हात मोठीने धरला असेल का? माझा हात खिशात जायचा तो डब्यात गेला. तोंडात टाकला. मला कळलं नाही.

थोड्या वेळाने ध्यानावर आलो. डबा हलवला. वाजला नाही. मी आत डोकावलो. अंधारलं होतं, कोणी दिसलं नाही. कुलूप लावलं आणि घरी निघालो.

ओहोळापाशी पाणी बघत बराच वेळ थांबलो. मग अर्ध्या बांधावर गेलो आणि जीभ थांबली. भाजलेला चिंचोका सगळीकडून गोल असतो. तोंडातला एका बाजूने सपाट होता.

मी मागे पळालो. या पायांनी पळालो. खोलीपाशी आलो तर ताई आणि हिरा दोघी दारात. हिरा शेतातून पोरीला न्यायला आली होती, ताई वाडीतून परतली होती. दुसरी किल्ली ताईकडे असायची. दार उघडलं होतं. हिराची सोनी, पाच वर्षांची, गुंडाळलेल्या चटयांच्या मागे झोपली होती ती अंधारात जागी झाली. रडून रडून तिचा आवाज गेला होता. नखं दारावर घासून बोटांना रक्त आलं होतं. हिराने तिला उराशी धरलं होतं.

हिरा म्हणाली, "कोणी लावलं गो कुलूप?"

ताईने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातली किल्ली बघितली. माझा गाल बघितला. तिला कळलं. कसं कळलं मला माहीत नाही, पण कळलं.

मी बोलणार होतो. खरं सांगतो, बोलणार होतो. पण तोंडात चिंचोका होता. बोलायचं तर तो थुंकावा लागणार, आणि थुंकला तर तो हिराच्या पायाशी पडणार. एवढा विचार करायला मला जितका वेळ लागला, तितक्यात ताई बोलली.

"मी लावलं. माझं ध्यान नाय राह्यलं."

आणि मी तो चिंचोका गिळला.

हिरा जे बोलली ते तिलाही आठवतंय आणि मलाही. ती म्हणाली, "सोताला झालं असतं तर कळलं असतं." एवढंच म्हणाली आणि पोरीला घेऊन गेली. हिरा, तुझं काही चुकलं नाही. कोणतीही आई बोलली असती. पण ते वाक्य ताईसाठी नव्हतं. ते माझ्या वाट्याचं होतं. ती ते घेऊन घरी गेली. मी मोकळा घरी गेलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर हिरा सोनीला भट्टीवर घेऊन गेली. सोनी बालवाडीला आली नाही, पुढच्या वर्षीही आली नाही. ताई दर आठवड्याला भिवंडीकडे त्या भट्टीवर जायची. हिरा बोलायची नाही. ताई विटांच्या थप्पीच्या सावलीला बसायची आणि सोनीला कोळशाने विटेवर अक्षरं काढून दाखवायची. संध्याकाळी परत. असं दोन हंगाम. गावाला वाटायचं, ताई चुकलीय म्हणून फेऱ्या मारतेय. मीही गावाबरोबर गप्प.

सोनी कोंडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी ताईकडे गेलो होतो. म्हणालो, "यमुनाबाई, मी जातो हिराकडं अन् सांगतो. अन् हे काम आता मला नको."

ती म्हणाली, "सांगून काय होईल? हिरा तुमाला शिव्या देईल. तुमी घरी बसाल. पुन्हा लताच्या मागं गॅस, गॅस. मला शिव्या दिल्या तर मी काय घरी बसणार नाय. बाईमाणसाला सवय असते."

मी म्हणालो, "हे खोटं हाय."

"हाय. माझं खोटं हाय, मी सांभाळते. तुमी डबा सांभाळा."

मग तिने दोन रीती नव्या केल्या. एक, खोलीत जो येईल त्याने चिंचोका टाकायचा. मोठ्या माणसानेसुद्धा. मी, ताई, जेवण करणारी बाई, सगळ्यांनी. दोन, कुलूप एकट्याने लावायचं नाही. एकाने डबा हलवायचा, दुसऱ्याने आत जाऊन चटया उलगडून बघायचं. आणि माझ्या खिशात तिने लिमलेटच्या गोळ्या घातल्या. म्हणाली, चिंचोका पुन्हा तोंडात दिसला तर बघा. तेव्हापासून लिमलेटच. आताही आहेत. पोरांना माहीत आहे कोणत्या खिशात.

त्यानंतर एकदाही चूक झाली नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. मी रोज सकाळी त्या दिवसाला घाबरून उठलो म्हणून झाली नाही.

सोनी पुढे आश्रमशाळेत गेली. आता दहावीला आहे. ती बघा, आईशेजारी बसलीय. पोरी, तुला तो अंधार आठवतो की नाही, मला माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही.

मधल्या वर्षांत मी ताईला कितीदा विचारलं, आता सांगू का? ती टाळायची. शेवटचं विचारलं ते यंदाच्या गणपतीत. म्हणाली, "माझ्या मागं सांगा."

मी म्हणालो, "मागं का? तू असताना सांगतो, तुझ्यावरचा बोल तरी जाईल."

"मी असताना सांगितलंत तर हिरा माझ्या पाया पडाया येईल. मग मला तिला उठवावं लागेल. माझे गुडघे दुखतात, वाकता येत नाय."

मी म्हणालो, मी तुझ्यापेक्षा मोठा, आधी मीच जाणार. ती म्हणाली, "तुमी जात नाय. घोर लागलेलं माणूस लवकर जात नाय. त्याचं काम उरलेलं असतं."

शेवटचा दिवस तुम्हाला माहीत आहे. सकाळी पोरं आली, आम्ही आलो, सगळ्यांनी चिंचोके टाकले. पोरांना गाणं शिकवता शिकवता ती खाली बसली. म्हणाली, छातीत जड वाटतंय. भाजी घेऊन धसईला निघालेली जीप थांबवली, बायांनी तिला आत निजवलं. मुरबाडकडे न्यायचं ठरलं. मी खिडकीपाशी गेलो. मला वाटलं ती काही सांगेल. ती म्हणाली, "दादा, डबा बघा." जीप गेली.

संध्याकाळी पोरं एकेक करून घरी गेली. प्रत्येकाने आपला चिंचोका काढला. जेवणाच्या बाईने आपला काढला. ताईच्या जागी लता आली, तिने आपला टाकून आत चटया उलगडून बघितल्या आणि बाहेर येऊन आपला काढला. मी माझा काढला. डबा हलवला, तर वाजला. तोवर मुरबाडहून निरोप आला होता.

दुसऱ्याचा चिंचोका काढायचा नाही. एकदा मी काढला, त्याचं काय झालं ते आत्ताच सांगितलं. म्हणून मी तो तसाच ठेवला आणि कुलूप लावलं. पहिल्यांदा डबा वाजत असताना कुलूप लावलं. परवा तेरावं झालं. खोली तेव्हापासून बंद आहे. डबा आजपर्यंत माझ्या घरी होता. कोणी जरा धक्का दिला तरी वाजायचा.

सरपंच म्हणाले, गावाच्या वाटेवर यमुनाताईच्या नावाची कमान उभारू. उभारा. माझी ना नाही. पण कमानीखाली पोर ठेवता येत नाही. आठ दिवसांत भट्टीवाल्यांच्या गाड्या वरच्या वाडीला लागतील. खोली बंद राहिली तर तिने गावात राखलेली सगळी पोरं त्या गाड्यांत बसतील. मोठी माणसं विटा थापतील आणि पोरं त्या वाळत घातलेल्या विटांतून फिरतील. तुम्हाला सांगायला नको, तुम्ही बघितलंय.

म्हणून मी उद्या सकाळी आठ वाजता दार उघडणार आहे. माझी पंचाहत्तरी झालीय. एकट्याने जमणार नाही आणि एकट्याने कुलूप लावायचंही नाही. लता येते म्हणालीय. काल म्हणाली, "बाबा, तुमाला ताईला देऊन टाकलं होतं, आता परत घ्यावं लागतंय." चटया ती बघेल.

पण पोर कोणाच्या हातात देतेय ते आईला ठाऊक पाहिजे. म्हणून हे सगळं सांगितलं. ज्याच्या हाती डबा असणार त्याने एकदा एक पोर कोंडलंय आणि दुसरीला बोल खाऊ दिलाय. हे ऐकून ज्यांना पाठवायचं नसेल त्यांनी पाठवू नका. मी विचारायला येणार नाही.

हिरा, तुझ्या सुनेचं पोर दोन वर्षांचं झालंय. त्याला ठेव असं मी तुला म्हणणार नाही. मला तो हक्क नाही. दार आठला उघडेल, एवढंच सांगतो.

आता शेवटचं. टोपलीपण आणलीय. हा डबा. ऐकू येतंय का मागे? एकच आहे.

यमुनाताईला घरचं माणूस नव्हतं असं आपण म्हणायचो. आणि रीत तर अशी की न्यायला घरचं माणूस यावं लागतं. इतके दिवस मी वाट बघितली, कोण येणार? आज तुम्ही सगळे आलात. खळी टाकून आलात, दोन एसट्या बदलून आलात. तुमची परवानगी असेल तर हा चिंचोका मी काढतो. कोणाची हरकत असेल तर आत्ता सांगा.

नाही?

काढला. टोपलीत टाकला. लता, तू बघ, टोपलीतच पडला ना? बरं.

आता सगळ्यांनी उभं राहू या. पोरांनापण उभं करा. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मी डबा हलवतो, तुम्ही ऐका.

यमुनाबाई, वाजत नाही.